माहुलीच्या पानाचं बूच

१

सोमाजी गिरणीवाल्यानं बुधवारी दिवेलागणीला वरची दारू घेतली आणि गुरुवारचं ऊन काही त्यानं पाहिलं नाही. मधल्या वेळात तो पोट धरून असा ओरडला, की पेंढरगट्ट्यातल्या निम्म्या घरांत माणसं उठून बसली. शुक्रवारी सकाळी पत्रू जमादार मूल गावाहून सायकल दामटत ठाण्यात पोचला, तोवर ठाणेदारानं खुनी पकडली होती, कोठडीत घातली होती आणि कागदसुद्धा तयार ठेवला होता. कागदावर एकच सही राहिली होती. ती पत्रूची.

"पढ़ो, सही करो, आन् जाऊन जेवा," ठाणेदार म्हणाला. तो जबलपूरकडचा. मराठी तो बोलायचा, पण चालताना एक पाय हिंदीतच असायचा.

पत्रूनं चष्मा पुसून कागद वाचला. ‘सदर बाटलीतील दारू मौजे कोसमटोला येथील भट्टीची असल्याबद्दल आबकारी खात्यानं खात्री केली आहे.’

आता हे वरची आणि खालची प्रकरण आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. पेंढरगट्ट्यात सरकारमान्य दुकान एकच, गुणवंतराव ठेकेदाराचं. तिथं मोहाची दारू दोन नावांनी मिळे. गावातल्या तळ्याकाठच्या भट्टीची ती खालची, बाटलीला सहा आणे. आणि नऊ कोस आत, पहाडात, कोसमटोल्याची बुधरी गाळायची ती वरची, बारा आणे. मोह तोच, मडकी तीच, जाळही तसाच. पण वरचीत पहाडाच्या झऱ्याचं पाणी आहे, असं म्हणत लोक मिटक्या मारत. खूण म्हणाल तर एकच. वरचीच्या बाटलीला माहुलीच्या पानाचं गच्च गुंडाळलेलं बूच असायचं. माहूल हा पहाडातला दांडगा वेल, पान हाताच्या पंजाहून मोठं. खाली धानाच्या पट्ट्यात तो औषधालाही सापडत नाही. पान दिसलं की दर दुप्पट, आणि घेणाराही खूश.

पत्रू आबकारी खात्यात सव्वीस वर्षं घासलेला माणूस. पोटात व्रण, त्यामुळे सात वर्षांपासून स्वतः थेंब नाही, आणि त्यामुळेच सगळ्या जगावर थोडा रागावलेला. कुठली दारू कुठल्या भट्टीची, हे ठरवायचं काम सरकारनं त्याच्यावर टाकलं होतं. इतकी वर्षं तोही पान बघूनच सही ठोकत आला होता. पण आजवर त्याच्या सहीनं कुणी फासावर गेलं नव्हतं.

"या बाईनं काऊन मारलं म्हणता त्याले?" त्यानं विचारलं.

"इतवारच्या बाजारात सोमाजीनं इसकी टोकरी लाथ मारून उलटवली. चारोळी सगळी मिट्टीत. म्हणाला, वरचीच्या नावानं खराब माल देते. तर ही तीन गवाहांसमोर काय बोलली, ऐका." ठाणेदारानं वहीतून सावकाश वाचलं. "‘थे माही नोहे. माही पिशीन तवा समजन तुले.’ धमकी आहे ना? चौथ्या दिवशी तो मेला. जंगलातले लोग मछलीला विष घालतात, तर आदमीला का नाई घालणार?"

"बाटली कुठी हाय?"

टेबलावर बाटली होती, अर्धी रिकामी. शेजारी उलगडलेलं बूच. पत्रूनं पान उचललं आणि खिडकीशी नेलं. दोन दिवसांत ते मलूल झालं होतं, पण रंग अजून हिरवा होता.

"चार बजे चांद्याची मोटार आहे," ठाणेदार म्हणाला. "बाई त्या मोटारीत जाणार. तुमची सही घेऊन."

"तं चारपर्यंत थांबा," पत्रू म्हणाला, आणि पान रुमालात घेऊन कोठडीकडं वळला.

२

बुधरी भिंतीला टेकून बसली होती. पस्तिशीची असावी. ओठ फुटला होता. तो कुणी फोडला हे पत्रूनं विचारलं नाही, कारण ते शिपायाच्या तोंडावरच दिसत होतं. दर साली भट्टी तपासायला तो कोसमटोल्याला जाई, तेव्हा ही बाई त्याला कण्यांची पेज वाढायची. आज तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पत्रूला शरम वाटली.

"बुधरी, खरं सांगजो. सोमाजीची बाटली तुही होय का?"

"नोहे, दादा."

"पान तं माहुलीचंच हाय."

"पान दाखव."

त्यानं रुमाल उघडला. बुधरीनं हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. विंचू दिसावा तशी ती सरकून बसली.

"हे हिरवं हाय," ती म्हणाली.

"मंग?"

"आमचा पंडुम अजून झाला नाई, दादा. गायता बिमार हाय. पंडुम झाल्याबिगर नव्या मोहाले जाळ लावत नाई, अन् होळीपासून वेलीचं हिरवं पान तोडत नाई. तोडलं तं देव गावात राह्यत नाई. आमी गेल्या सालची वाळली पानं भिजवून वापरतो. भुरी असते थे. हे पान कोसमटोल्यातलं कोणी तोडनच नाई. लेकरूही नाई तोडत."

पंडुम म्हणजे नव्या फळाफुलाचा सण. गावचा पुजारी, म्हणजे गायता, देवाला आधी दाखवणार, मग बाकीच्यांनी हात लावायचा. प्रत्येक जंगलगावाचा दिवस वेगळा. पत्रूला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून सकाळपासून डोक्यात आलं नव्हतं, म्हणून तो स्वतःवरच चिडला.

"अन् दुसरं," बुधरी लांबूनच बोट दाखवत म्हणाली, "पानाले भोकं हायेत. बारीक. बुचाले असं पान कोण घेते? दारू उडून जाते ना."

पत्रूनं पान उजेडात धरलं. खरंच, कडेला दोन दोन अशी चार भोकं होती, टाचणीएवढी.

"बाजारात तू काय म्हणाली त्याले? माही पिशीन तवा समजन?"

"हो. त्यानं म्हटलं, तुही दारू नासली. म्या म्हटलं, थे माही नोहेच, माही पिशीन तवा तुले समजन का चव काय असते. मंग त्यानं मारलं." तिनं पदर सारखा केला. "माघात माहा मोह सरला, दादा. तवापासून म्या खाली एक बाटली नाई धाडली. झिंगू कावड घेऊन येत होता, त्याले विचार. दोन महिन्यांपासून थो रिकामाच बसून हाय."

पत्रू उभा राहता राहता थांबला. गुणवंतरावांची दुकानातली विक्रीवही त्यानं मागच्याच आठवड्यात तपासली होती. तिच्यात होळीनंतर रोज वरची विकलेली होती. एका दिवसाचाही खाडा नव्हता.

मग दोन महिने हे गाव वरची म्हणून पीत काय होतं?

३

गुणवंतराव दुकानाच्या ओट्यावर पांढरंशुभ्र धोतर सांभाळून बसले होते. दारू विकणारा माणूस इतका स्वच्छ कसा राहतो, याचं पत्रूला नेहमी नवल वाटे. आत दोन रांजण, आणि त्यांच्या मधे मनकर्णा, दुकानावर बसणारी बाई. बोलायला फटकळ, हाताला चोख.

पत्रूनं दोन बाटल्या मागितल्या, एक वरची, एक खालची. पिशवीतून दारूची तेजी मोजायची काचनळी काढली आणि पाळीपाळीनं दोन्हींत सोडली. नळी दोन्हींत एकाच रेघेवर येऊन थांबली, केसाचाही फरक नाही.

"नळीले चव समजते का, जमादार?" गुणवंतराव हसले.

"नाई समजत. मनकर्णाबाईले समजते." पत्रू तिच्याकडं वळला. "बाई, तिकडं कोठडीत बुधरी बसून हाय. चारच्या मोटारीनं तिले चांद्याले नेतीन, अन् मंग फाशी. तिची बाटली इथी शेवटची कवा आली?"

मनकर्णानं मालकाकडं पाहिलं, मग रांजणाकडं, मग पदरानं हात पुसले.

"होळीच्या आधी," ती म्हणाली. "त्याच्यावर आलीच नाई. दोनी रांजण एकाच भट्टीचे हायेत, भाऊ. म्या थकलो खोटं बोलून बोलून."

गुणवंतरावांचा चेहरा पडला, पण पडून फार वेळ राहिला नाही. ते उठून आत गेले आणि एक पोतं ओढत घेऊन आले. पोत्यात भुरी, सुकलेली माहुलीची पानं होती. गिऱ्हाइकं रिकाम्या बाटल्या परत करत, तेव्हा त्यांची बुचं या माणसानं वर्षभर साठवली होती.

"लिहा तुमच्या वहीत," ते म्हणाले. "ठेका जाईन, जाऊ द्या. पण एक सांगा मले. दोन महिन्यांत कोणी म्हटलं का, का हे वरची नोहे? उलट मिटक्या मारत पेऊन राह्यले. म्हणते, पहाडाचं पाणी लागते जिभेले. अवो, तळ्यातलं पाणी हाय थे, म्हशी बसते त्याच्यात. लोक पान पेऊन राह्यले, जमादार, दारू नाई."

"एक जण म्हणाला ना."

"हो. सोमाजी." गुणवंतरावांनी मान खाली घातली. "अख्ख्या गावात त्याचीच जीभ खरी होती. म्या त्याचा राग बुधरीवर ढकलला. मंग बुधवारी दुपारी त्याले म्हटलं, आता चांगल्या घाण्याची आली, नेऊन पहा."

गावाच्या तोंडाला पानं पुसून हा माणूस उजळ माथ्यानं बसला होता, आणि बुधरी मार खाऊन आत. पत्रूला त्याच्या धोतरावर रांजण उलटवावा असं फार वाटलं. पण विचारायचं अजून राहिलं होतं.

"विष इथी पडलं असन?"

"त्याच रांजणातून बुधवारी चाळीस जण पेले," मनकर्णाच म्हणाली. "कोणाचं डोस्कंही नाई दुखलं. बाटली म्या भरली, म्याच बूच लावलं, अन् त्याच्याच हातात देल्ली."

"बूच कसं होतं?"

"या पोत्यातलं. भुरं."

"पक्कं आठवते?"

"दुसरं हायच कुठी आमच्यापाशी? हिरवं पान इथी दोन महिन्यांत कोणी पाह्यलं नाई."

पत्रूनं रुमालातलं पान काढून ओट्यावर ठेवलं. मनकर्णा वाकून पाहत राहिली. बाटली दुकानातून भुरं पान लावून निघाली होती आणि मेलेल्या माणसाच्या उशाशी ती हिरव्या पानाची निघाली. वाटेत कुणीतरी तिला उघडलं होतं. आणि ती वाट दुकानापासून सोमाजीच्या घरापर्यंतच होती.

४

सोमाजीच्या दारात लग्नाचा मांडव अर्धा उभा होता. बांबू रोवले होते, वर टाकायच्या जांभळीच्या डहाळ्या अंगणात वाळत पडल्या होत्या. त्याच अंगणात काल तिरडी बांधली होती. भिंतीपलीकडं गिरणी बंद होती आणि तांदळाच्या कोंड्याचा वास सगळीकडं भरून होता.

सोमाजीचा धाकटा भाऊ डोमा सामोरा आला. धिप्पाड माणूस, डोळे लाल.

"ज्यानं हे केलं त्याले लटकवा, साहेब. माह्या भावानं कोणाचं काय केलं होतं?"

सोमाजीनं कोणाकोणाचं काय काय केलं होतं याची यादी पत्रूला तोंडपाठ होती, पण सुतकाच्या घरात ती वाचायची नसते.

"बुधवारी तुमी कुठी होते?"

"सिंदेवाहीले. मंगळवारी गेलो, गुरुवारी मयतीचा सांगावा आला तवा आलो. चंदाच्या लग्नातलं देणंघेणं ठरवाचं होतं. माणूस पाठवून विचारा, तिनी दिवस मी तिथीच जेवलो."

चंदा म्हणजे सोमाजीची एकुलती एक मुलगी. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. बारा-तेराची असेल. नवरा ठरला होता तो सिंदेवाहीचा धान्याचा व्यापारी, वय पंचेचाळीस, दोन बायका खाऊन बसलेला. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं आणि सगळा तालुका कानावर हात ठेवून होता.

"आता लग्नाचं काय?" पत्रूनं विचारलं.

"बाप गेला तं वर्षाच्या आत करा लागते, नाईतं तीन वर्षं थांबा. भावानं शब्द देल्ला होता. व्यापारी म्हणते, तेरवी झाली का उरकून टाकू. म्याही हो म्हटलं."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दाराच्या आड सोमाजीची बायको शकुबाई बसलेली होती. हातात बांगड्या नव्हत्या. पुढ्यातला तांब्या तिच्या हातून कलंडला होता आणि पाणी जमिनीवर पसरत होतं. ती ते पुसायला उठली नाही.

"बाटली घरात कुठी ठेवत होता सोमाजी?" पत्रूनं डोमाला विचारलं.

"त्या खोलीत, कोनाड्यात. तिले कोणी हात लावत नव्हतं. पान लावलेली दिसली नाई तं थो उघडतही नव्हता. म्हणे, बूच नाई तं वरची नाई."

पत्रू त्या खोलीत गेला. कोनाडा रिकामा. कोपऱ्यात गिरणीतली पोती, त्यांच्यावर उंदरांच्या औषधाचा डबा, झाकण सैल. आणि भिंतीला लागून छातीएवढ्या उंचीची, पाण्याचं फडकं टाकून ओली ठेवलेली पत्रावळींची चवड. लग्नाच्या पंगतीसाठी आणलेल्या.

त्यानं फडकं उचललं. पेंढरगट्ट्यात पंगत उठते ती पळसाच्या पत्रावळीवर. सोमाजीनं मात्र तोरा दाखवायला पहाडातल्या माहुलीच्या आणवल्या होत्या, सण होऊन गेलेल्या कुठल्यातरी दुसऱ्या जंगलगावातून. मोठं, हिरवं पान, एकाला एक जोडून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचलेलं. पत्रूनं एक काडी उपसली. पानाला दोन भोकं राहिली, टाचणीएवढी.

त्यानं रुमालातलं पान तिच्या शेजारी धरलं.

तो खाली बसला आणि एकेक पत्रावळ काढून पाहू लागला. साठ झाल्या, सत्तर झाल्या. शहात्तरावी हातात आली आणि तो तिच्याकडं बघतच राहिला. पाच पानं माहुलीची होती. सहावं पळसाचं. कुणीतरी काढलेल्या पानाच्या जागी गोठ्यामागचं पान आणून, नेटकं कापून, काडीनं टाचून बसवलं होतं.

५

डोमाला त्यानं ठाण्यावर धाडलं, ठाणेदाराला थांबवून धर म्हणून. चंदाला पाणी आणायला सांगितलं. मग दार ओढून घेतलं आणि पत्रावळ शकुबाईच्या पुढ्यात ठेवली. तिनं पाहिली.

"बाई, मी बोलतो, तुमी ऐका," पत्रू म्हणाला. "दुकानातून बाटली आली तवा तिले भुरं, वाळकं पान होतं. तुमी थे काढाले गेल्या अन् थे तुटलं. वाळकं पान दोनदा भिजून सुकलं का मंग टिकत नाई. अन् बूच नसन तं तुमचा मालक पेणार नाई. म्हणून तुमी या चवडीतून एक पान काढलं. माहूल थे माहूल, तुमाले वाटलं. कोसमटोल्यात या दिवसांत हिरव्या पानाले कोणी शिवत नाई, हे तुमाले कसं माहीत असन? मैदानातल्या कोणालेच माहीत नाई."

शकुबाईची नजर पत्रावळीवरच होती.

"डोमा गावात नव्हता. अन् असता तरी, गडीमाणसानं पान काढलं असतं तं पत्रावळ फेकून देल्ली असती. हे तुमी शिवून परत चवडीत ठेवली."

"मोजलेल्या होत्या," शकुबाई म्हणाली. आवाज कोरडा होता. "पाचशे एक. मले लग्न होऊच द्याचं नव्हतं, जमादार भाऊ. तरी हातानं शिवली. कामून शिवली, मले आतापर्यंत समजलं नाई."

बाहेर चंदा रहाटाशी पाणी ओढत होती.

"म्या पाय धरले त्याचे," ती पुढं म्हणाली. "म्हटलं, पोट्टी तेरा वर्षांची हाय. थो माणूस दोघीले घेऊन गेला, तिसरी माही नको नेऊ. त्यानं उखळातल्या मुसळानं मारलं मले. म्हणाला, पोट्टी देल्ली तं थो सिंदेवाहीची गिरणी मले देणार हाय, तुहा बाप देणार हाय का? मंग म्या औषध घातलं. मले वाटलं, लोक म्हणतीन दारू नासली होती. चार बाटल्या फोडतीन, झालं. दारूनं माणसं मरतच असते."

"लोकायनं दारूले नाई पकडलं, बाई. बाईले पकडलं."

तिनं मान वर केली. तिला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सुतकातल्या विधवेला कोण काय सांगायला जातं?

"कोणाले?"

"बुधरीले. कोसमटोल्याच्या. चारच्या मोटारीनं चालली."

"लेकरं हायेत तिले?"

"दोन."

शकुबाई बराच वेळ हातांकडं बघत राहिली. पत्रूच्या मनात तेवढ्या वेळात एक गोष्ट येऊन गेली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही पत्रावळ गोठ्यात टाकली तर गाय दोन घासांत संपवील, मग जगात कुणाला काही कळणार नाही. आणि बुधरी? बुधरीला सोडवायला हीच एक गोष्ट त्याच्या हातात होती. दोघींपैकी एकच वाचणार होती, आणि निवड त्याच्यावर आली होती. त्याला रडू आलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

"भाऊ," शकुबाई म्हणाली, "एक विचारू? खरं सांगजा. याले मारूनही लग्न मोडलं नाई. डोमा तेरवीनंतर उरकतो म्हणते. पण मी कबूल झालो, तं? मायनं नवरा मारला, अशा घरची पोट्टी थो व्यापारी करन का?"

पत्रूनं डोळे पुसले.

"नाई करन," तो म्हणाला. "कोणीच नाई करणार. निदान दहा वर्षं तरी."

"तं चाला." ती उठली, पदर नीट केला. "पोट्टीले माह्या भावाकडं धाडजा, गडचांदूरले. थो गरीब हाय, पण मारत नाई."

दारात चंदा घागर घेऊन उभी होती. तिनं किती ऐकलं होतं, हे पत्रूनं तिला विचारलं नाही.

६

चारची मोटार सुटली. मोटार तीच, शिपाई तेच, कागदही तोच. ठाणेदारानं एक नाव खोडून दुसरं लिहिलं, तेवढाच फरक. जाताना शकुबाईनं खिडकीतून मुलीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरली असती.

तिला जन्मठेप झाली. सिंदेवाहीच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी नारळ परत पाठवला. चंदा मामाकडं गडचांदूरला गेली. पत्रू स्वतः नेऊन सोडून आला.

बुधरी सुटली, आणि गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पत्रूनं अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं, की मयताच्या बाटलीतली दारू कोसमटोल्याची नव्हतीच. दुकानाच्या भिंतीवर तो कागद लावला. मनकर्णानं येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडानं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलवली आणि खालचीच मागितली. कोसमटोल्याचं नाव काढलं की बायका नवऱ्यांच्या हातातली बाटली हिसकून घेत. ज्या नावानं बारा आणे मिळत होते, त्या नावाला आता कुणी फुकटही शिवेना. गुणवंतरावांना दंड झाला. ठेका मात्र त्यांच्याकडंच राहिला, कारण लिलावाला दुसरं कुणी आलंच नाही.

पंडुम जेठात झाला. त्यानंतर महिन्यानं पत्रू दुकान तपासायला गेला, तर ओट्याच्या बाजूला झिंगूची कावड टेकवलेली आणि बुधरी उकिडवी बसलेली. मनकर्णा तिच्या मडक्यातली दारू खालचीच्या रांजणात ओतत होती.

"हे काय?" पत्रूनं विचारलं.

"चार आण्यानं घेऊन राह्यलो," गुणवंतराव म्हणाले. "माहा उपकार समजा. त्या नावानं कोण घेते? म्हणून खालची म्हणून विकतो. अन् गंमत पहा, गिऱ्हाईक म्हणते, खालची आजकाल मस्त लागून राह्यली. तळ्याचं पाणी सुधारलं म्हणते."

ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं द्रोण तोंडाला लावला, डोळे मिटले, आणि खरंच तसंच म्हणाला.

बुधरीनं ते ऐकलं. पैसे पदराला बांधून ती पत्रूजवळ आली.

"दादा, तू कागदावर लिहिलं ना, का माह्या दारूत काई नव्हतं?"

"लिहिलं, बुधरी. मोठ्या अक्षरांत."

"मंग याईले सांग ना, का हे माही होय."

पत्रू ओट्याकडं वळला. आठ-दहा माणसं द्रोण हातात घेऊन बसली होती, खुशीत होती. त्यानं तोंड उघडलं. सांगितलं असतं तर त्याच क्षणी आठ-दहा द्रोण जमिनीवर उलटले असते, आणि पुढच्या आठवड्यात बुधरीला चार आणेही मिळाले नसते.

"पावसाच्या आत घाट चढ," तो तिला म्हणाला. "लेकरं वाट पाह्यत असतीन."